माझा वर्ख, माझाच हात

बायांनो, ब्रह्मदेशातल्या मंडालेच्या सायबर कॅफेतून लिहून राह्यली. डोकं अजून सटकलेलंच आहे.

सकाळी आम्ही सोन्याचा वर्ख बनवतात तिथं गेलतो. माणसं हातोड्यानं सोनं कुटतात, बाया त्याचे चौकोन कापतात. वर्ख उडू नये म्हणून एवढ्या उकाड्यात पंखासुद्धा नाई. घामानं भिजलेल्या एका बाईनं श्वास रोखून कापलेला वर्ख मी विकत घेतला, बुद्धाच्या मूर्तीले लावायले.

देवळात पाटी होती: बायांनी मूर्तीजवळ जायचं नाही.

आमचे हे म्हणाले, "आण इकडं, मी तुह्या नावानं लावतो."

"तुमी काऊन? मले हात नाई का?"

"अवं, नियम आहे त्यायचा. घरी सिंदी मेघेत भांडतंच, इथं तरी चूप राह्य!"

नाई राह्यली. वर्ख पर्समध्ये टाकला, रिक्षा केली, एकटीच वर्खाच्या कारखान्यात परत गेली अन् तो कापणाऱ्या त्या बाईच्याच अंगठ्यावर लावला. आधी ती दचकली, मग खदखदून हसली.

मूर्तीवर चढणारा वर्ख अशाच बायांच्या बोटांतून जाते. बोटं चालतात. मग सांगा, बाई काऊन चालत नाई?