दोन मिनिटांत उतरेल

आमच्या सिंगापूरच्या लॅबमध्ये भीती बाटलीत मिळते, त्यामुळे किस्से न मागता साठतात! सीसीके नावाचं एक पेप्टाइड आहे. तूप घालून पुरणपोळी हाणलीत की आतडं ते सोडतं आणि मेंदूला निरोप धाडतं, "बास आता!" पण त्याचाच एक इवलासा तुकडा शिरेतून दिला, तर धडधाकट माणसाला वाटतं, संपलं, मी मेलो!

*

पहिला व्हॉलंटियर चांगला आडदांड. अस्सल सिंगापुरी थाटात "नो प्रॉब्लेम लाह!" म्हणत खुर्चीत बसला. इंजेक्शन गेलं आणि त्याने माझा हात असा आवळला की माझी बांगडी वाकली. "कॉल माय मदर!" घामाने निथळत होता बिचारा. माझा सहकारी मंदार, पक्का पुणेकर, त्याने शांतपणे मनगटावरचं घड्याळ त्याच्यासमोर धरलं. "टू मिनिट्स."

उतरलंच! तेव्हापासून कुणीही घाबरलं की घड्याळावर टकटक करायचं, "दोन मिनिटांत उतरेल," ही आमची रीतच पडली.

*

एकदा बॉसनी मला अचानक केबिनमध्ये बोलावलं. कॉन्ट्रॅक्ट संपत आलेलं, सिंगापुरात राहायचा वर्क पास त्याच्यावरच अवलंबून. मी मनातल्या मनात बॅगा भरायला लागले. काचेबाहेर मंदार उभा, घड्याळावर टकटक करत!

बॉस म्हणाले, "फ्रिजमधला माझा केक कुणी खाल्ला?"

मंदारनेच खाल्ला होता, लबाडाने!

*

एकदा बिशान स्टेशनजवळ एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, बोगद्यात थांबली, दिवे गेले. मंदार पांढराफटक! त्याची छोटी लेक इरा म्हणाली, "पप्पा, लुक ॲट युअर वॉच लाह!"

*

मग क्वीन्सटाउनच्या हॉकर सेंटरमधली, म्हणजे इथल्या खाऊगल्लीतली, ती दुपार. जेवता जेवता मंदारने चमचा खाली ठेवला. कपाळावर घाम, हात छातीवर.

"सीसीके!" तो हसला. आम्हीही खिदळत आपापली घड्याळं पुढे केली. दोन मिनिटं गेली. आणखी दोन गेली. आता कुणीच हसत नव्हतं.

"अरे, उतरत का नाहीये?" मी किंचाळले. त्याचे ओठ निळे पडत चालले होते. कुणीतरी ॲम्ब्युलन्स बोलावली.

हॉस्पिटलमध्ये त्याची बायको सायली धावत आली. "हार्ट अटॅक," एवढंच मला कसंबसं बोलता आलं. मी आयुष्यात इतकी कधी घाबरले नव्हते. तेवढ्यात त्याला ऑपरेशनसाठी नेताना स्ट्रेचर आमच्यासमोरून गेलं. तोंडावर मास्क, बोलता येत नव्हतं. सायली हमसून रडायला लागली.

मंदारने हात उचलला. घड्याळ नर्सने काढून ठेवलं होतं. तरी त्याने उघड्या मनगटावर बोटाने टकटक केलं.