खरं नाव घातलेली प्रत

"पुरावो खंय आसा?" हे त्यांचं पालुपद. कोळणीने बांगडे ताजे म्हटले, तरी आमचे वकीलसाहेब हेच विचारायचे. "वास घेवा आणि तुमीच निकाल द्या!" म्हणून ती हसायची. तेही हसायचे आणि दोनच बांगडे घेऊन एकट्याच्या घरी जायचे.

मी सावंतवाडीच्या कोर्टाबाहेर टायपिंग करायचो. ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत एस.टी. स्टँडवर तुम्ही पुस्तकं चाळली असतील, तर आठवेल. वकिलांनीच लिहिलेल्या कोर्टातल्या रहस्यकथांची तेव्हा टूम निघाली होती. आमच्या साहेबांनीही तीन लिहिल्या. कोर्ट सुटलं की ते सांगायचे, मी टाइप करायचो. शेवटच्या पानावर आरोपी निर्दोष सुटायचाच.

"एखाद्याला शिक्षा होऊ द्या की," मी एकदा म्हटलं.

"ती कोर्टात रोज होताच रे."

पुस्तकं खपली आणि पक्षकार पांगले. 'तेंका काय सांगू नको, पुस्तकात घालतले,' असं गावोगाव झालं. साहेब मात्र काळा कोट घालून वेळेवर येत आणि रिकाम्या बाकाशेजारी बसून राहत.

एके दुपारी त्या बाकावर तोंडवलीची एक बाई येऊन बसली. तिच्या नवऱ्यावरचा खुनाचा खटला साहेबांनीच त्याच्या बाजूने लढवला होता. जन्मठेप झाली, आणि तो तुरुंगातच वारला. त्याच खटल्यावर बेतलेलं तिसरं पुस्तक तिला मुलीने वाचून दाखवलं होतं. त्यात साक्षीदार म्हणतो, आरोपीला खाडी पायी उतरून येताना पाहिलं. वकील दाखवून देतो की त्या वेळी भरती होती, पायी येणं शक्यच नव्हतं.

"ह्या तुमका तेव्हा म्हायत होता?" तिने विचारलं.

"नाय गो. मागीर सुचला. तोपर्यंत तो गेललो."

ती म्हणाली, "पुस्तकात तरी तेचा खरा नाव घाला."

प्रकाशक तयार होईना. तेव्हा साहेबांनी माझ्याकडून सगळी कादंबरी पुन्हा टाइप करून घेतली, खऱ्या नावाने. ती एकच प्रत घेऊन आम्ही तोंडवलीला गेलो. ओटीवर मुलगी वाचत होती. 'निर्दोष' या शब्दावर बाईने तिला थांबवलं.

"परत वाच गो."

मुलीने परत वाचलं. साहेब उठून अंगणात गेले.

त्यानंतर त्यांनी एक ओळही लिहिली नाही. पुढच्याच वर्षी ते गेले.

मला ते दिसतात ते तोंडवलीच्या त्या संध्याकाळचे. आम्ही सुरूंच्या झाडांखाली थांब्यावर उभे होतो. सावंतवाडीची गाडी आली. त्यांनी हात केला नाही, मलाही करू दिला नाही.

"दुसरी येतली," त्या घराच्या वाटेकडे बघत ते म्हणाले.

दुसरी गाडी नव्हती. ते त्यांनाही ठाऊक होतं.