मावशीचे हात

माझी लेक अकरा दिवसांची होती तेव्हाची गोष्ट. आम्ही नांदे गावात राहतो, सासरच्यांनी विकलेल्या शेतावर उभ्या राहिलेल्या सोसायटीत. बाळाला न्हाऊ घालायला गावातली एक मावशी यायची. पाय पसरून त्यावर बाळ घ्यायची, तेल रगडायची, टाळू भरायची, धुरी देऊन गालाला तीट लावायची. माझ्या नवऱ्यालाही तिनंच असं न्हाऊ घातलं होतं. "तुजा बाप लई रडका हुता गं," ती लेकीला सांगायची. मुका मात्र तिनं कधी घेतला नाही. न्हाणं झालं की लेकीचे तळपाय स्वतःच्या कपाळाला लावायची, बस्स.

एका सकाळी तिच्या ओठाच्या कोपऱ्यात पुळ्या दिसल्या. "ताप फुटलाय, हुतंय तसं," म्हणाली आणि तेल लावायला बसली. मी शेजारीच मोबाइलवर शोधायला लागले. हर्पिस. तान्ह्या बाळाच्या जिवावर बेतू शकतं. झालं! पुढचं वाचायला धीर कुणाला होता? अर्धवट तेल लावलेली लेक मी तिच्या पायांवरून उचलून घेतली.

"मावशी, उद्यापासून येऊ नका. तुमच्या हातानं रोग लागेल तिला."

"माज्या हातानं?" ती म्हणाली. तेलकट हात लुगड्याला पुसले आणि निघून गेली.

एवढ्यावर गप्प बसले असते तर मी कसली! सोसायटीतल्या बायकांच्या ग्रुपवर टाकलं, 'मावशींना हर्पिस आहे, बाळांना हात लावू देऊ नका.' संध्याकाळपर्यंत तिची बाकीची तिन्ही घरं सुटली.

चार दिवसांनी बाळाला डॉक्टरांकडे नेलं. लेक ठणठणीत होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फोड सुकेपर्यंत मुका घेऊ द्यायचा नाही आणि फोडाला लागलेला हात साबणानं धुवायचा. धुतलेल्या हातांनी न्हाऊ घातलं म्हणून हा आजार लागत नाही. मी मान खाली घालून ऐकलं. घरी येऊन ग्रुपवर सगळं नीट लिहिलं. दोन अंगठे आले. मावशीला परत कुणी बोलावलं नाही.

मी तिच्या घरी गेले, माफी मागितली, रडलेसुद्धा. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे सूनबाई. उद्या पोरीला साधी शिंक आली तरी तुजं मन माज्या हाताकडंच जायचं." खोटं कुठे बोलत होती? मग ती शेजारच्या लवळ्याला कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासायला जायला लागली.

परवा लेकीला घेऊन तिच्याकडे गेले. लेक आता तीन वर्षांची आहे. मावशी ओट्यावर पाय पसरून बसली होती. लेक धावत गेली आणि थेट त्या पायांवर जाऊन बसली. मावशीनं दोन्ही हात झटकन वर उचलले. "थांब बाय, थांब," म्हणत तिनं लेकीला हात न लावताच अलगद पायांवरून सरकवलं, उठली, नळावर गेली. साबणानं घासघासून कोपरापर्यंत हात धुतले.

परत आली ती लेकीकडे नाही, माझ्याकडे. ओले तळवे माझ्यापुढे धरून म्हणाली, "बघ. आता लावू का हात?"