टाचेतली वाघर

गेल्या हिवाळ्यात आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, टाचेत काच घुसली. त्यांना साखरेचा आजार, आणि जन्म सगळा मेंढरांमागं चालण्यात गेलेला. केजच्या डॉक्टरांनी बजावलं, जखम मिटली नाही तर पाऊल वाचणार नाही. मी पुण्याहून धावत आले, तर आबा पट्टी सोडून खपली खरवडत बसलेले, वर बिब्ब्याचं तेल लावायला! मेंढीच्या खुराला ते हेच करतात, आणि मेंढी बरी होते. माझं डोकंच फिरलं.

"नका खरवडू, आबा. आत काम चालू हाय."

"कुनाचं?"

सूक्ष्मदर्शकाखाली पेशी कशा चालतात ते बघणं ही माझी नोकरी. पण आबांपुढं ते म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. समोर आमची वाघर होती, मेंढरांभोवतीचं जाळीचं कुंपण. सगळ्या रानाला खत मिळावं म्हणून मागचे खुंट उपटून पुढं ठोकायचे, अशी ती रोज थोडी सरकते. मी तिच्याकडे बोट केलं.

"जखमेच्या कडेची पेशी अशीच सरकती. तिच्या आत अ‍ॅक्टिन नावाच्या प्रथिनाच्या कणांचे धागे असत्यात. कडेच्या पातळ पडद्यापाशी नवे कण जोडले जात्यात, धागा वाढतो आन् पडद्याला पुढं रेटतो. मागचे जुने कण सुटत्यात, पुन्ना पुढं कामाला येत्यात."

"आन् धागा लई वाढला तर?"

"वाढू देत न्हाईत. एक प्रथिन त्याच्या टोकावर टोपण घालतं, की वाढ बंद. पडद्यापाशी दुसरं प्रथिन त्या टोपणाला अडवतं. जोर लागतो तिथंच धागा वाढत राहतो."

हे मी किती वेळा पाहिलंय, तरी बोलता बोलता माझ्या अंगावर काटा आला. ज्याला डोळे नाहीत, डोकं नाही, त्याला कुठं वाढायचं आणि कुठं थांबायचं ते कळतं! आणि हे या घडीला आबांच्या टाचेत चाललं होतं, आणि आबा ते रोज खपलीबरोबर उपटून टाकत होते.

आबांनी तेलाची बाटली बाजूला सारली. "आदी सांगायचं की बाई."

होळीला पुन्हा गेले. टाच मिटली होती. दोन्ही कडा जिथं भेटल्या तिथं एक गुलाबी रेघ होती, आणि मी नुसती बघत राहिले. मुक्कामाचा तळ हलायची घाई चालली होती, मेंढरं रस्त्याला लागली होती. जोडा घालायच्या आधी आबा वाकले. स्वतःच्याच टाचेला हात लावून त्यांनी तो कपाळी नेला, आणि मेंढरांमागं चालू लागले.