बिनदुधाचा चहा आणि तात्यांचं नाक

दूध संकलन केंद्रावरचे किस्से सायीसारखे असतात. आज काढले तरी उद्या पुन्हा जमतात! आमच्या बावड्याच्या केंद्रावर मी फॅट मोजतो, घरच्या म्हशीचं दूधही तिथंच घालतो. माझ्या शेजारी तात्या. कॅनचं झाकण उघडायचं, वास घ्यायचा, दूध चांगलं की आंबलेलं ते सांगायचं, हे त्यांचं वीस वर्षांचं काम. "काल म्हशीला कांद्याची पात घातलीस व्हय रं?" असं विचारून माणसाला गार करायचे!

मग त्यांना ताप आला. ताप गेला आणि जाताना वासही घेऊन गेला. हे फक्त मला माहीत. डेअरीच्या साहेबांना कळलं असतं, तर कॅनजवळ दुसरा माणूस उभा राहिला असता. म्हणून आम्ही ठरवलं. सॅम्पल घ्यायला मी वाकणार आणि हळूच वास घेणार. एकदा खोकलो तर चांगलं, दोनदा खोकलो तर आंबट.

*

एकदा मला खरंच खोकला झाला. तात्यांनी ओळीनं नऊ कॅन परत पाठवले!

"तात्या," रोज दूध घालायला येणारी हौसाक्का कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "समद्यांचं दूध एकाच दिशी नासलं व्हय?"

"हवाच तसली हाय," तात्या म्हणाले. माझ्याकडे असं बघितलं, की माझा खोकलाच पळाला.

*

डॉक्टरांनी तात्यांना सांगितलं, रोज निरनिराळे वास घ्या आणि दूध-साखरेचा चहा बंद. बारामतीला शिकणाऱ्या माझ्या पुतणीनं लांब पानांच्या चहाची वेगवेगळ्या वासांची पाकिटं पाठवली. पानं गार पाण्यात घालायची, बरणी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायची, सकाळी गाळून तशीच प्यायची.

"गॅस संपलाय का तुमच्याकडं?" हौसाक्कानं विचारलं. "आन् दुधाच्या केंद्रावर बिनदुधाचा चहा? लोकांनी बघितलं तर आमची दुधं कोण घेईल!"

*

पहिल्या बरणीला चक्क पिकल्या पेरूचा वास आला. फ्रिजमध्ये पेरू नव्हता, मी दोनदा बघितलं. दुसऱ्या पाकिटाला मुरघासाचा, म्हणजे खड्ड्यात मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याचा.

"ह्येच पिताय तर आमच्या म्हशीला बी एक कप द्या की," हौसाक्का म्हणाली. "तिला सवय हाय."

तात्या मात्र रोज बरणीत नाक घालायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "पाणी हाय." मला फार वाईट वाटायचं. मी रोज नवीन पानं भिजवायचो.

*

आणि एका सकाळी साहेब आले. त्यांच्या कानावर काहीतरी गेलं होतं. खुर्ची टाकून कॅनजवळच बसले. "आज मी इथंच आहे, तात्या. बघू तुमचं काम."

वेळ काढावा म्हणून मी घरून आणलेली बरणी उघडली, साहेबांना चहाचं पाकीट दाखवलं, तीन कप भरले. आणि वास आला! बायकोनं आठवडी बाजारातून आणलेले सुके बोंबील फ्रिजमध्ये ठेवले होते आणि बरणीचं झाकण सैल. पण साहेबांच्या हातात कप गेला होता, पाकीटही. पाकिटावर मोगरा लिहिलेला.

साहेबांनी घोट घेतला, जरा थांबले आणि म्हणाले, "वा! मोगरा!"

तात्यांनी कप नाकाशी नेला. खाली ठेवला. पुन्हा उचलला.

"साहेब, ह्यो बोंबील हाय."

"काय?"

"सुका बोंबील. मोगरा न्हाय."

बोंबलाचं मी कुणालाच बोललो नव्हतो. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. तात्या उठले आणि पहिल्या कॅनजवळ गेले.

पहिला कॅन माझाच होता. आदल्या संध्याकाळचं उरलेलं दूध मी त्यात मिसळलं होतं. दोन महिने असं खपत आलं होतं. मी सवयीनं एकदा खोकलो.

तात्यांनी वाकून वास घेतला आणि झाकण लावलं.

"त्या खोकल्याला औषध घे," ते म्हणाले, "आन् ह्यो कॅन घरी ने. आंबलंय!"