शेजाऱ्याच्या गच्चीवरचं नवं कुलूप

मांजर हरवलं की माणूस आधी पलंगाखाली बघतो आणि मग शेजाऱ्याकडे. आमचं पलंगाखाली बघून लवकर झालं.

एप्रिल होता. कूलरच्या ताट्या बदलायला आलेल्या माणसाने गच्चीचं दार उघडं टाकलं आणि जन्मभर चार खोल्यांत राहिलेली आमची मांजरी निघून गेली. तिला कुत्रं माहीत नव्हतं, रस्ता माहीत नव्हता, आपल्या वाटीखेरीज पाणी कुठे मिळतं हेही माहीत नव्हतं. बुऱ्हाणपूरच्या उन्हात ती किती टिकेल, हे आम्ही दोघांनी एकमेकांना विचारलं नाही. बायको चहासुद्धा उभ्यानेच घेऊ लागली. बसलं की पायाशी येणारं कोणी नव्हतं.

माझा संशय त्याच संध्याकाळी शेजाऱ्यांवर गेला. शेजारी माजी नगरसेवक. त्यांची गच्ची आमच्या गच्चीला लागून, मध्ये गुडघाभर भिंत. त्यांनी कबुतरं पाळली आहेत. मांजरी खिडकीत बसून कबुतरांकडे बघायची आणि शेजारी तिच्याकडे, विरोधी पक्षाकडे बघावं तसे.

आता मात्र त्यांना भलताच उमाळा आला. मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांनी शोधमोहीम जाहीर केली. सोबत फोटो होता, तो मांजरीचा नव्हे, त्यांचा, हात जोडलेला.

"सर, चिंता करू नका," ते घरी येऊन म्हणाले. "भाभीजींची बिल्ली म्हणजे पूर्ण वॉर्डाची बिल्ली."

"मग तुमची गच्चीवरची खोली बघू द्या जरा," बायको म्हणाली.

"तिथं काय आहे भाभी, सगळं कबाड. मी पाहिलं ना स्वतः."

"कधी पाहिलं?"

"म्हणजे... दिखवून घेतलं."

त्या खोलीला नवं, चकचकीत कुलूप होतं. कबाडाला इतकं कोण जपतं? मला आठवलं, मांजरी गेली त्याच दुपारी ते भरलेल्या पिशव्या घेऊन त्या खोलीत दोन-तीनदा गेले होते आणि खाली येताना हात रिकामे होते. हे मी पडद्याआडून पाहिलं होतं. पडद्याआडून बघणाऱ्या माणसाने दुसऱ्यावर संशय घ्यावा का, हा प्रश्न मी बाजूला ठेवला.

सकाळ-संध्याकाळ आम्ही गच्चीवरून "माऊ, माऊ" करत होतो. उत्तर नव्हतं. तिला पोत्यात घालून तापीपलीकडे सोडलं असणार, असं माझं जवळजवळ ठरलं.

आमच्या मागच्या गल्लीत रात्रंदिवस पॉवरलूम चालतात. पाहुणे आले की कानांवर हात ठेवतात आणि आम्ही विचारतो, काय झालं? आम्हाला तो खडखडाट ऐकूच येत नाही. तो दुसरा आवाज गिळू शकतो, हे म्हणूनच कुणाच्या ध्यानात आलं नाही. तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळेला माग थांबले. बायको गच्चीवर पापड उलटत होती. कुलूपबंद खोलीतून बारीक, घसा बसलेला आवाज आला.

मी वर पोचलो तोवर ती भिंतीवरून हाका मारत होती. "भाऊसाहेब, किल्ली आणा!"

"भाभी, किल्ली तर दुकानावर राहिली..."

"राहू द्या. मी पहार आणते."

किल्ली खिशात निघाली.

आत कबाड नव्हतं. शालींचे गठ्ठे होते, प्लॅस्टिकही न काढलेली सन्मानचिन्हं होती आणि चांदीच्या मुलाम्याचा एक भला मोठा कप. चिन्हांवर आणि कपावर त्यांचं नाव, खाली 'समस्त नागरिकांतर्फे सप्रेम' आणि पुढच्या रविवारची तारीख. त्या दिवशी त्यांचा नागरी सत्कार होता, आणि सत्काराचं सामान त्यांनी स्वतःच आणलं होतं. समस्त नागरिकांतला एक मी. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. पिशव्या आत नेताना दार उघडं राहिलं तेव्हा मांजरी शिरली असणार. शालींच्या मागे ती अंग चोरून पडली होती.

"सर, ही बात बाहेर नको," ते हळूच म्हणाले. "बिल्ली मी नाही डांबली, कसम से."

हे दुसरं मला पटलं. पहिल्याचं वचन मी दिलं नाही.

बायकोचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. तिने हाताला लागला तो कप उचलला, कबुतरांच्या माठातलं पाणी त्यात ओतलं आणि मांजरीपुढे ठेवला. कप खोल होता, तोंड पाण्यापर्यंत पोचेना.

"अहो, बघता काय? तिरका धरा!" ती म्हणाली. मला वाटलं मलाच सांगतेय.

पण माजी नगरसेवक आधीच खाली बसले होते. दोन्ही हातांनी त्यांनी कप तिरका धरला, आणि मांजरी पीत होती तोवर हलले नाहीत.