बायकांची दुकानं बघायला निघालो आणि सगळीच बंद!

दिल्लीहून शिकून परत येताना माझ्या डोक्यात एक चित्र पक्कं होतं. नगरच्या बायका, त्यांचे छोटे छोटे व्यवसाय, कुणी लक्ष देत नाही, कुणी कौतुक करत नाही. मी जाणार, त्यांना जगासमोर आणणार! प्रत्यक्षात आले तर या बायकांना जगासमोर यायला सवडच नव्हती. जगच त्यांच्या दारात रांग लावून उभं होतं, आणि ओरडाही खात होतं.

(अहिल्यानगर लिहायची सवय लागली, बोलताना अजून नगरच येतं. चालवून घ्या.)

आमच्या सावेडीतल्या एकाच गल्लीत अशी चार दुकानं आहेत: पिठाची गिरणी, गॅरेज, नाष्टा सेंटर आणि लेडीज टेलर. चारही बायकांची. रोज तिथे जाऊन बसायचं म्हटल्यावर किस्से साचणारच. गिरणीत कपड्यांवर पीठ बसतं ना, तसं. झटकलं तरी घरी गेल्यावर निघतंच.

आणि एक सांगून ठेवते. दिल्लीच्या एका संस्थेने मला नोकरी देऊ केली होती. महिला सक्षमीकरणावर अहवाल लिहायचे. मी इथे राहायचं की तिकडे जायचं, हे कळवायला मुदत होती. हे सगळे किस्से त्या मुदतीच्या आतले.

*

पहिली गाठ गिरणीवाल्या लताताईंशी. मूळच्या श्रीगोंद्याच्या, आवाज गिरणीच्या वर चढणारा. मी दिल्लीत शिकलेला प्रश्न काढला, "ताई, या व्यवसायातली तुमची सगळ्यात मोठी अडचण कोणती?"

गिरणी चालू होती. त्यांनी ऐकू येत नाही म्हणून कानामागे हात धरला. मी जवळ जाऊन ओरडून पुन्हा विचारलं, "सगळ्यात मोठी अडचण?"

"तू!" लताताई म्हणाल्या. "दारात हुबी हायस. उजेड आडतोय. सरक तिकडं!"

*

शबानाभाभींचं टू-व्हीलरचं गॅरेज. दुपारची वेळ. भाभी स्टुलावर बसून डबा खात होत्या. एक साहेब बंद पडलेली बाईक ढकलत आले, घामाघूम.

"मेकॅनिक कुठाय?"

"जेवायला गेलाय," भाभी म्हणाल्या.

"किती वेळ लागेल?"

"आत्ताच बसलाय."

साहेब बाकावर बसले. उसासे टाकले, मोबाईल पाहिला, मेकॅनिक लोकांच्या बेजबाबदारपणावर मला छोटंसं भाषण दिलं. भाभींनी शांतपणे डबा संपवला, हात धुतले, पदर खोचला आणि पाना उचलला.

"बोला साहेब. आला मेकॅनिक जेवून!"

*

मंदामावशींचं नाष्टा सेंटर म्हणजे गल्लीचं न्यायालय. नागापूरच्या एमआयडीसीतून शिफ्ट संपवून येणारे कामगार ठरलेले. त्यातल्या एकाने नेहमीसारखी झणझणीत मिसळ मागितली. समोर दहीभात आला.

"मावशी, मी मिसळ सांगितली होती."

"तुमच्या मंडळींचा फोन आल्ता. रात्रभर छातीत जळजळ हुती म्हनं."

"अहो, पण मी गिऱ्हाईक आहे!"

"आदी तिचा नवरा, मग माजं गिऱ्हाईक. खा गप!"

त्याने खाल्ला. लोणचं मागायची हिंमत झाली नाही.

*

सुनंदा टेलर. तिच्याकडे लग्नाचे ब्लाउज शिवायला टाकणारी प्रत्येक बाई लग्नाची तारीख चार-पाच दिवस अलीकडची सांगते. सुनंदालाही ते ठाऊक. ती मनात चार-पाच दिवस पुढे ढकलते आणि सगळं वेळेवर होतं. अनेक वर्षं असं सुरळीत चाललेलं!

एका नवरीने मात्र खरी तारीख सांगितली.

लग्नाच्या सकाळी नवरीच्या भावाची गाडी दुकानासमोर उभी. ब्लाउज होता, हुक नव्हते. सुनंदा सुई-दोरा घेऊन तशीच गाडीत बसली. कार्यालयात पोचेस्तोवर मुहूर्त जवळ आलेला. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा नवरीच्या अंगावर शेला गुंडाळलेला आणि पाठीमागे सुनंदाची हातशिलाई चालू. त्या लग्नाच्या प्रत्येक फोटोत नवरीच्या खांद्यामागून एक बाई डोकावते आहे, तोंडात दोरा.

मी म्हटलं, "सुनंदा, चूक झालीच ना पण?"

"झालीच," ती म्हणाली. "पण माझी नाही. तिला खरं बोलायला कुणी सांगितलं होतं?"

*

आता गिरणीचा एक. तोवर मी लताताईंच्या हाताखाली डबे उचलायला लागले होते. उपवासाचं दळण सकाळी सगळ्यात आधी, स्वच्छ गिरणीत, हा तिथला कडक नियम. कुलकर्णीकाकूंचा राजगिरा होता. मी उत्साहाच्या भरात त्याआधी कुणाचीतरी बाजरी दळून टाकली.

काकू संध्याकाळी परत आल्या. "लता, थालीपीठ खाल्लं आणि मग कळलं, त्यात बाजरी! माझा उपवास मोडला की गं."

लताताईंनी माझ्याकडे बोट केलं. "न्हाई मोडला, काकू. ज्यानं मोडला त्याच्याकडं गेला. उद्या ही धरंल की तुमचा उपवास."

काकूंना हे एकदम पटलं! दुसऱ्या दिवशी मी निर्जळी नाही, पण कडकडीत उपाशी. दर तासाला काकू गॅलरीतून विचारायच्या, "काही खाल्लं नाहीस ना गं?"

*

आणि शेवटचा.

नगरला येणाऱ्या माणसाने या बायकांची दुकानं पाहिलीच पाहिजेत, असं मला फार वाटायचं. मी एक फेरी ठरवली. रविवारी सकाळी, पायी, चारही दुकानं. चौघींना निरोप दिला, "रविवारी या हं, बायकांची दुकानं बघायचा कार्यक्रम आहे!" दिल्लीला सोमवारी सकाळी उत्तर द्यायचं होतं. मनात ठरवलं, फेरी जमली तर राहायचं. नाहीतर बॅग भरायची.

रविवारी पाहुणे आले. कॉलेजच्या मुली, पुण्याहून आलेलं एक जोडपं, आणि कुलकर्णीकाकू.

गिरणी बंद. गॅरेजचं शटर खाली. सुनंदाच्या दाराला कुलूप. मंदामावशींकडे चूलसुद्धा थंड!

पुण्याचे गृहस्थ सौजन्याने म्हणाले, "शटर छान रंगवलंय." मी मनातल्या मनात अर्धी बॅग भरली.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी चौघी दिसल्या. ठेवणीतल्या साड्या, गजरे, शबानाभाभींच्या अत्तराचा वास त्यांच्याआधी पोचला.

"कुठे होतात?" मी जवळजवळ रडतच विचारलं.

"तुज्या घरी गेल्तो!" लताताई म्हणाल्या. "तूच म्हनली ना, बायांची दुकानं बगायला या. आलो की नटून!"

"अहो, पण तुमचीच दुकानं बघायची होती!"

"आमची आमी रोजच बगतो. एकमेकींची कदी बगायची? सवड हाय व्हय?"

मग चाव्या निघाल्या. एकेक शटर वर गेलं आणि चौघी पाहुण्यांच्या पुढे धावल्या. गिरणीवाल्या लताताई पहिल्यांदा मंदामावशींच्या टेबलाशी बसल्या. "मंदे, रोज तुजा डबा खाते, पन गरम खाल्लं की लईच भारी लागतं गं!" मंदामावशी भाभींच्या गॅरेजातल्या स्कूटरवर बसून उतरायलाच तयार नव्हत्या. पुण्याच्या बाईंनी ब्लाउज शिवायला टाकला आणि सुनंदाने विचारलं, "कार्यक्रम कधी? खरी तारीख सांगू नका."

दुपारी सगळे पांगले आणि मी मनातली बॅग रिकामी केली. लताताईंनी माझ्या हातात गिरणीची चावी ठेवली.

"उद्या मी राहात्याला भनीकडं जाते. लई वर्सं झाली. तू बग गिरनी."

"मी? एकटी?"

"उद्या उपवास कुनाचा न्हाई. इचारलंय मी सगळ्यांना."

सोमवारी सकाळी गिरणी चालू असताना दिल्लीचा फोन आला. काही ऐकू येईना. मी शेवटी जोरात ओरडले, "नाही येत मी! इथेच राहणार आहे! इथेच!" आणि फोन ठेवून पुढच्या डब्याला हात घातला.

कुलकर्णीकाकूंनी डबा मागे ओढला.

"राहा गं बाई, आनंद आहे. पण आधी सांग, माझ्याआधी काय दळलंस?"